माझी किडनी चालणार नाही

चंदीगड, मंगळवार संध्याकाळ

मला मधुमेह निघाला, म्हणून माझी किडनी ह्यांना देता येणार नाही, असं डॉक्टर आज म्हणाले. तर हे म्हणतात, "बरं झालं. तुझी चिरफाड टळली." बरं कसलं? डायलिसिसवर असल्यामुळे पाणीही घोटभरच. तहान लागली की बर्फाचा खडा चघळत बसतात.

जेवताना मुक्ता, आमची कॉलेजातली लेक, म्हणाली, "पापा, मैं दूँगी. पक्का."

हे ताटावरून उठले. "माझ्या पोरीला हात लावायचा नाही!" खोलीचं दार लावून घेतलं. वाटीतला बर्फ तसाच विरघळला.

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. नको म्हणू, तर हे? हो म्हणू, तर ही? मी आमटी तिच्यापुढे सरकवली. म्हटलं, "जेव आधी."