आवाजाच्या बदल्यात हात

३ फेब्रुवारी

विसरलंस ना सगळं? काल तासभर बोलले तुझ्याशी, आणि आज बघते तर पान कोरं! मला अक्षर येत नाही, पण कोरं ओळखता येतं हो. नात परगावी शिकायला गेली तेव्हा हा फोन देऊन गेली — "आजी, या खुणेवर बोट ठेव आणि बोल. तो लिहून घेईल, तारीखही तोच घालेल." ठेवलं होतं बोट! पण हल्ली माझ्या उजव्या हाताच्या बोटांना कळतच नाही ती कशावर आहेत. तेव्हा विसराळू तू की माझा हात, यावरून भांडण नको.

७ फेब्रुवारी

खालच्या दुकानातले शिंपी मास्तर वर आले. हातात मी काजं केलेले शर्ट. "आजी, काजं वाकडी आलीत." म्हटलं, "घालणाऱ्याचं पोट वाकडं असेल, मास्तर." हसले. पण शर्ट घेऊन गेले, नवा गठ्ठा ठेवला नाही.

आमचे हे गेल्यावर ही खोली शिवणानेच भरलेली असायची. आज पलंगावर कुठेही बसता आलं असतं. उभीच राहिले.

१५ फेब्रुवारी

मोठा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मानेचा फोटो उजेडावर धरला. "चकती सरकून नसांवर बसलीय, आजी. स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं झाली. त्याने सूज उतरते, दुखणं थांबतं. पण चकती तिथेच."

"मग काढा की तिला!"

"गळ्याकडून जावं लागेल. हात बराच सुधारेल. पण आवाजाची नस शेजारीच असते. काहींचा आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो."

"आणि उरलेल्यांचा?"

बाई पेनाचं टोपण लावत बसल्या. मग म्हणाल्या, तिसरं इंजेक्शन घेतलंत तर काही महिने बरे जातील. पण तुमचा तोल जायला लागलाय. फार थांबलात तर हात परत येणार नाही.

१६ फेब्रुवारी

मुलाचा फोन. शहराच्या त्या टोकाला राहतो, पण आवाज परदेशातून आल्यासारखा. "आई, मान आहे ती, खेळ नाही! इंजेक्शन घे आणि गप्प बस."

गप्प बसण्याचीच तर भीती आहे, बाळा!

१९ फेब्रुवारी

ताईला कित्येक वर्षं दिसत नाही. ती तिकडे तिच्या घरी, मी इकडे. रोज दुपारी फोनवर भांडतो — तिने मीठ जास्त घातलं, मी फोन उशिरा केला, काहीही. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच. आता आवाज गेला तर? मी हातवारे करणार आणि ती बघणार!

तिला काही सांगितलं नाही. इंजेक्शनच घेते.

२६ फेब्रुवारी

घेतलं. मुलगा दारापर्यंत सोडून गेला. "बरं वाटतंय ना?" "वाटतंय." खरंच वाटत होतं.

१२ मार्च

दुखणं पार गेलं! सकाळी चहा ओतला. कप हातात आहे अशाच थाटात मी उभी — आणि तो खाली, फुटलेला. चहा हातावर सांडला होता. फोड आलेला दिसला, तेव्हा कळलं भाजलं ते.

दुखणं गेलं, ते हातालाही सोबत घेऊन चाललंय.

१४ मार्च

ताईला सगळं सांगितलं.

"आवाज जाईल ना? जाऊ दे. मी बोलेन. आजवर मला तोंड उघडू दिलंस कुठे तू?"

खूप हसले. मग पहिल्यांदाच माझ्याआधी तिने फोन ठेवला.

२० मार्च

उद्या ऑपरेशन. मुलाला सांगितलं, सही तू कर, ठरवलंय मी. आज दिवसभर मोठमोठ्याने बोलून घेतलं. बादलीशी, खिडकीशी. जिन्यावरून मास्तरांना एक शिवी हासडली. ते म्हणाले, "काय झालं, आजी?" म्हटलं, "काही नाही. आवाज बघत होते."

२८ मार्च

अहो पान, मी हिची ताई बोलतेय. गाडीत बसून दवाखान्यात आले. किती वर्षांनी उंबरा ओलांडला, विचारू नका. हिचा आवाज अजून आलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात येईल. कधी, ते सांगत नाहीत. फोन हिने माझ्या तोंडासमोर धरलाय, उजव्या हातात — चाचपून पाहिलं मी. "हो"ला एक चिमटा, "नाही"ला दोन, असं ठरलंय. सटवी काढते पण चांगला जोरात! माझा दंड सुजणार.

मगाशी विचारलं, तुझ्या खोलीवर राहायला येऊ का? एकच चिमटा काढला. पण सोडेचना.

पोरा, तू हे वाचत असलास तर — हिच्यासाठी मऊ भात पाठव, गार करून. माझ्यासाठी टोस्ट, कडक. हिच्या कानाशी बसून कुडुमकुडुम खाणार आहे.