डावा कोपरा

प्रिय मामा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू विषय बदलतोस. मागच्या वेळी मी तुझ्या शेवटच्या सीझनबद्दल विचारलं, तर तू मला गच्चीवरच्या टोमॅटोंना लागलेल्या किडीबद्दल वीस मिनिटं सांगितलंस. मला त्या किडीचं आता सगळं माहितीय. सीझनचं काहीच नाही. म्हणून पत्र. शुद्धलेखनाला हसू नकोस, शाळेतल्या निबंधानंतर मराठीत एवढं लांब मी पहिल्यांदाच लिहितेय.

तुझ्या जुन्या बास्केटबॉल क्लबला पन्नास वर्षं होतायत हे तुला माहिती असेल. निमंत्रण आलंय ना? आई म्हणाली, तू ते न उघडता फ्रिजवर ठेवलंयस. मला तिथे सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून घेतलंय. काम काय, तर स्टोअरमधल्या एकतीस खोक्यांमधले जुने शॉट-चार्ट कॉम्प्युटरवर चढवायचे. तुमच्या वेळी बेंचच्या टोकाला एक जण बसायचा आणि छापील कोर्टावर पेनने खुणा करायचा. बॉल पडला की गोल, हुकला की फुली, पास दिला की बाण. आई म्हणते, एवढं शिकून शेवटी फुली-गोळाच खेळतेस. पण मामा, मला इतकी मजा येते की मी डबा खायला विसरते. एखादी मॅच मी पाहिलेली नसते, माझा जन्मही झालेला नसतो, आणि तरी कागदावरून कळतं की दुसऱ्या हाफमध्ये कोण दमलं होतं, कोण कुणावर चिडून बॉल देत नव्हतं. तुझे नऊ सीझन मी शेवटी ठेवले होते. आवडीचा घास शेवटी ठेवतात तसे.

आमच्या मॅनेजर बाईंना कार्यक्रमासाठी एक फिल्म हवीय, क्लबचे दहा क्षण, मोठ्या पडद्यावर. त्यातला नववा क्षण म्हणजे तुझी शेवटची फायनल. नाव ठेवलंय ‘हुकलेला कप’. तुला ते पंधरा सेकंद पाठ असतील, पण मी काय पाहते ते सांगते. एका पॉइंटने मागे, सहा सेकंद उरलेले. तू बॉल घेऊन मध्ये. तू डाव्या कोपऱ्यात पास देतोस आणि कोपऱ्यात कुणीच नाही. बॉल थेट पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर. आणि तो एकवीस वर्षांचा पोरगा, ज्याला तुम्ही स्प्रिंग म्हणायचात, बास्केटखाली एकटा हात पसरून उभा. कॉमेंट्री करणारा म्हणतो, पोरगा मनानंच पळाला. झालं. क्लबने त्याचं काँट्रॅक्ट पुढे चालू ठेवलं नाही, दुसऱ्या कुणी घेतला नाही, कारण कोचने सगळीकडे सांगून ठेवलं की हा ऐकत नाही. त्याच आठवड्यात तू गुडघ्याचं कारण सांगून रिटायर झालास. तुला हार घातले. तो बस पकडून घरी गेला.

आता माझा प्रश्न. तो गुडघ्यावरून सुरू झाला. गुडघा दुखतो त्याच्या उड्या कमी होतात ना? मी नवव्या सीझनचे रीबाउंड, म्हणजे हुकलेले बॉल तू उडी मारून पकडलेस ते, मोजले. एकही कमी नाही. उलट दोन-चार जास्तच. मग मी बाकीचं मोजायला बसले, कारण एकदा काही जुळलं नाही की मला चैन पडत नाही, तू उगाच मला भुणभुण म्हणत नाहीस. पहिली आठ वर्षं तुझे बाण डावीकडे आणि उजवीकडे जवळजवळ निम्मे-निम्मे. नवव्या वर्षी अकराव्या मॅचपर्यंतही तसेच. बाराव्या आणि तेराव्या मॅचमध्ये तू नाहीस. चौदाव्यापासून कोर्टाची डावी बाजू रिकामी. म्हणजे कागद जवळजवळ कोरा. शंभरातले वीस पास डावीकडे, आणि त्यातले निम्मे चुकलेले. लांबून मारलेले शॉट शंभरात अडतीस पडायचे ते सव्वीसवर आले. पण फ्री थ्रो? फ्री थ्रो तसेच. शंभरात चौऱ्याऐंशी. मी तीन दिवस डोकं खाजवलं. फ्री थ्रोचं अंतर कधी बदलत नाही, हात ते आपोआप मोजतो. बाकीच्या शॉटला अंतर डोळ्यांनी मोजावं लागतं. दोन डोळ्यांनी.

अकराव्या मॅचच्या कागदावर, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलंय: डाव्या डोळ्याला कोपर लागलं, बाहेर.

मग मी आईला सहज विचारलं, मामा आपल्याकडे चहा ओतताना किटलीची चोच कपाला टेकवून का ओततो? ती म्हणाली, तुझा मामा पूर्वी हातभर उंचावरून ओतायचा, नाटकी होता, लग्नानंतर मामीने वळण लावलं असेल. मी म्हटलं, आणि तो जेवायला नेहमी भिंतीला डावी बाजू करूनच का बसतो? ती म्हणाली, खेळाडूंचे असतात असे नखरे, शकुन-अपशकुन. पण मामा, लहानपणी मी तुझ्या डाव्या बाजूने हळूच येऊन भॉक केलं की तू खरंच दचकायचास. मला वाटायचं तू माझ्यासाठी नाटक करतोस.

इथपर्यंत मला फक्त कोडं सुटल्याचा आनंद होता. खरं सांगते, मी टेबलावर बोटांनी तबला वाजवला. आणि मग कोर्टाचं काम सुरू झालं.

कार्यक्रमासाठी लाकडी फ्लोअर घासून नवीन पॉलिश करायचं आहे. त्यासाठी जो माणूस आलाय तो चाळिशी ओलांडलेला, गुडघ्यांना रबरी पॅड बांधलेला, कानामागे पेन्सिल. मी बूट घालून आत गेले, तर म्हणाला, ‘‘पोरी, बूट बाहेर. हे पॉलिश काय तुझ्या बापाचं आहे?’’ मी मोज्यांवर आले. तो फळी-फळीवर टाच आपटत चालत होता आणि मध्येच थांबून पेन्सिलीने गोल करत होता. मी विचारलं काय करताय. म्हणाला, ‘‘इथे बॉल मरतो. खालचा सांधा सुटलाय. हा गोल मी खेळत होतो तेव्हापासून मेलेला आहे, ऐक.’’ आणि त्याने मला कान लावायला सांगितलं. मी खरंच जमिनीला कान लावून झोपले. दोन फळ्यांचा आवाज वेगळा येतो, मामा. एक बोलते आणि एक नुसती हं म्हणते.

मी विचारलं, तुम्ही इथे खेळायचात? तर तो हसला. ‘‘थोडे दिवस. स्प्रिंग म्हणायचे मला. तू ते कॉम्प्युटरवर चढवतेस ना सगळं? मग माझी अब्रू पण चढवली असशील.’’

मी त्याला सांगितलं नाही की मी तुझी भाची आहे. सांगायला हवं होतं, जीभ वळली नाही. नंतर रोज दुपारी मी डबा घेऊन तिथे बसायला लागले, आणि रोज ठरवायचे की आज सांगू, आणि रोज राहून जायचं. गप्प बसायला काहीच करावं लागत नाही. त्यामुळे ते फार सोपं असतं.

तो बोलायला मस्त आहे. तुम्ही ज्या डावाला खिडकी म्हणायचात तो त्याने मला माझी बाटली आणि त्याचे सँडपेपरचे तुकडे मांडून समजावला. कोपऱ्यातल्याने हात उघडा ठेवला तर बॉल कोपऱ्यात द्यायचा. समोरचा फार अंगावर आला तर छातीपाशी मूठ करायची आणि त्याच्या मागून बास्केटकडे पळायचं, मग बॉल तिकडे द्यायचा. मी विचारलं, आणि त्या दिवशी? तुम्ही मूठ केली होती? त्याने हातातल्या तुकड्याची घडी घातली. मग म्हणाला, ‘‘पहिली दहा वर्षं मी सगळ्यांना सांगायचो, केली होती. बायको म्हणाली, बास आता, भिंतीला पण पाठ झालंय. आता खरं सांगू? हात आठवतो. मूठ आठवत नाही. एवढे सगळे म्हणतात तर नसेल केली.’’ आणि तुझ्याबद्दल म्हणाला, ‘‘त्याच्यासारखा पास देणारा माणूस मी पाहिला नाही. त्याची शेवटची मॅच माझ्यामुळे वाया गेली. एकदा भेटून सॉरी म्हणायचं राहिलं.’’

मामा, त्याला तुझी माफी मागायचीय.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधल्या कॅसेट काढल्या. टीव्हीवाल्या नाहीत. टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे त्याची पाठ आहे, त्यात काहीच दिसत नाही. पण तुमचा असिस्टंट कोच बास्केटच्या मागे, वरच्या गॅलरीत स्टँड लावून सराव-बैठकीसाठी वेगळं शूटिंग करायचा, आठवतं? फायनलनंतर बैठकच झाली नाही, त्यामुळे ती कॅसेट कुणी लावलीच नाही. तिच्यावरचं सील मी फोडलं. चित्र जरा थरथरतं, पण स्वच्छ आहे. सहा सेकंद उरलेले. स्प्रिंग छातीपाशी मूठ करतो. नुसती करत नाही, एक पूर्ण सेकंद धरून ठेवतो, बघ म्हणून जणू ठोकतो छातीवर. मग पळतो. आणि तू समोर बघतोयस. त्याआधीच्या मॅचमध्ये तू डावीकडे बघायला आख्खी मान वळवायचास, आणि बचाव करणाऱ्यांनी ते ओळखलं होतं. त्या दिवशी तू मान वळवली नाहीस. अंदाजाने टाकलास. मी ते चौदा वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता वळेल.

मॅचनंतर कोच त्याच्यावर ओरडत होता तेही त्यात आहे, आवाजासकट. तू शेजारी बसून बुटाची नाडी सोडतोयस. एकच नाडी, पुन्हा पुन्हा. मला कळतं, म्हणजे कळायचा प्रयत्न करते, की पाच महिने तू डोळ्याचं कुणाला सांगितलं नाहीस कारण सांगितलं असतंस तर त्याच दिवशी खेळ संपला असता. मीही नसतं सांगितलं कदाचित. पण ती फायनल तर झाली होती मामा. तुझं संपलंच होतं. मग त्याचं का संपू दिलंस? हा प्रश्न मला कागदावरून सुटत नाही. त्याला कुठलाही आकडा नाही. मी रागाने विचारत नाहीये. आई जेव्हा जेव्हा म्हणते की तुझा मामा खेळ सोडल्यावर एकदाही स्टेडियमला गेला नाही, तेव्हा मला वाटतं की तूही हे विसरलेला नाहीस.

आता पत्र का लिहिलं ते. शनिवारी ती फिल्म दाखवणार, आणि फ्लोअर केला म्हणून स्प्रिंगला पहिल्या रांगेत बोलावलंय. टीव्हीवाले पंधरा सेकंद मी फिल्ममध्ये घालणार नाही. मॅनेजर बाईंना सांगून टाकलंय की मला दुसरी कॅसेट सापडलीय. का वेगळी, ते अजून सांगितलं नाही. गुरुवारी तीन वाजता शेवटचा थर वाळत असेल, तेव्हा तो दोन तास रिकामा असेल. तेव्हा मी त्याला आमच्या छोट्या खोलीत बसवून कॅसेट दाखवणार आहे, आणि मी तुझी कोण तेही सांगणार आहे. हे ठरलंय, तू नाही म्हणालास तरी. त्याने मूठ केली होती, एवढं त्याला कॅसेट सांगेल. पण मग तो विचारणार की तुला ती दिसली कशी नाही, आणि त्याचं उत्तर मला माहिती असलं तरी ते माझं नाही. ते मी त्याला देणार नाही. बारा वाजताची बस पकडलीस तर पावणेतीनला तू गेटवर असशील, मी तिथे उभी राहते, उजव्या बाजूला. तो चिडेल का, उठून जाईल का, मला काहीच सांगता येत नाही. पण बावीस वर्षं तो हा प्रश्न स्वतःलाच विचारतोय, आणि स्वतःला चुकीचं उत्तर देतोय. ये, मामा.

तुझीच,
भुणभुण