शेऱ्याचा रकाना

याडी,

तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी कापसाच्या जीनचा आवाज आठवावा लागतो. सरकी काढणारे रेचे सुरू असले की तिथं कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून तुम्ही बाया ओरडूनच बोलायच्या, आणि ती सवय घरीही सुटली नव्हती. भाजीत मीठ पडलं का असं तू मला विचारायचीस आणि उत्तर शेजारच्या घरातून यायचं. आपण घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, आईला याडी म्हणायचो, पण कामावरच्या बायांत राहून तुझी वऱ्हाडी अशी पक्की झाली होती की रागावलीस की वऱ्हाडीतच रागवायचीस. माझ्या कानात तीच राहिली आहे.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच हंगामात मी कंपनीच्या यवतमाळच्या कचेरीत लागलो. तांड्यातला पहिला मॅट्रिक, पहिला कारकून. कंपनीच्या तीन जीन होत्या, यवतमाळ, दारव्हा आणि उमरखेड. दारव्ह्याच्या जीनमध्ये तू आधीपासूनच रेच्यावर होतीस. कापूस ओंजळीनं यंत्रात सोडायचा, सरकी खाली पडायची, रुई पुढे निघायची, आणि दिवसभर तुझ्या केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ. मी मात्र कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं की माझी आई आपल्याच जीनमध्ये कामाला आहे. कुणी विचारलं नाही, आणि मीही तशी वेळ येऊ दिली नाही.

कचेरीचे साहेब नवे होते, बाहेर शिकून आलेले. वाईट माणूस नव्हता, हे मला आजही लिहावंसं वाटतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "रोज सकाळी दहा वाजता तिन्ही जीन मला या टेबलावर दिसल्या पाहिजेत." त्याआधी कारभार कसा चालायचा, तर महिन्यातून एकदा व्यवस्थापक फेरी मारायचा, मुकादमाशी बोलायचा, आणि त्याला वाटेल ते ठरवायचा. आता प्रत्येक जीनमधून रोजचा तक्ता येऊ लागला. कापूस किती आला, रेचे किती चालले, किती तास बंद राहिले, गाठी किती बांधल्या, माणसं किती लागली. दारव्ह्याचा तक्ता लहान आगगाडीच्या गार्डजवळच्या पिशवीतून यायचा, उमरखेडचा एसटीनं. मी तिन्ही तक्ते उतरवून घ्यायचो, आठवड्याचा गोषवारा काढायचो आणि भिंतीवरच्या चौकटीच्या कागदावर तीन रंगांच्या तीन रेघा पुढे न्यायचो. कापूस कुठल्या जीनला वळवायचा, फिटर कुठं पाठवायचा, सगळं त्या कागदावरून ठरू लागलं. खुर्चीत बसल्या बसल्या साहेबांना तीन गावं दिसत होती आणि ती दाखवणारा मी होतो. माझी मान जरा ताठ झाली होती, तू हसायचीस तिला.

तक्त्याच्या शेवटी एक रुंद रकाना होता, शेरा म्हणून. दारव्ह्याचा कारकून म्हातारा होता, लिहायची हौस असलेला. गाड्या उशिरा आल्या, वाटेत एकीचा आख मोडला, कापूस दवानं ओला होता, दोन नंबरच्या रेच्याचं चामडं झिजलं, असं सगळं तो बारीक अक्षरात भरायचा. साहेब वैतागून म्हणाले, "हा माणूस तक्ता भरतो की पत्र लिहितो?" मी टेबलाशी उभा होतो. मी म्हणालो, "साहेब, शेऱ्याचा रकाना काढला तर तिन्ही जीन एकाच पानावर बसतील." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नोकरीला लागल्यापासून ते पहिल्यांदाच मला नीट पाहत होते. पंधरा दिवसांत नवे तक्ते छापून आले.

त्या रविवारी मी तांड्यावर आलो आणि तुला ही हकीकत मोठ्या ऐटीत सांगितली. तू भाकरी थापत होतीस. तुझा हात थांबला.

"मंग काही अडचन आली तं लिहाची कुठं?"

"वेगळं पत्र पाठवायचं."

"थे पत्र कोन वाचते?"

"मीच वाचतो."

"मंग बरं हाये," तू म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस.

पुढच्या हंगामात दारव्ह्याहून चामड्याचं पहिलं पत्र आलं. रेच्याच्या रुळावर चामडं असतं, त्यालाच रुई चिकटून ओढली जाते, आणि ते झिजलं की रेचा नुसता फिरतो. मी पत्र वर, साहेबांपुढे ठेवलं. भांडारातून टिपण आलं की चामडं थोडं आहे, उमरखेडला आधी देऊ. साहेबांनी कामाच्या गर्दीत त्यावर सही केली. दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. ती मी वर ठेवली नाहीत. प्रश्नाचा निकाल लागला आहे असं मनाशी म्हणालो आणि दारव्ह्याच्या फायलीला लावून टाकली. इकडे तक्त्यात दारव्ह्याचे बंद तास वाढत होते, गाठी घटत होत्या, आणि भिंतीवरची लाल रेघ रोज माझ्याच हातानं खाली उतरत होती. उमरखेडची निळी वर चालली होती. पाहणाऱ्याला वाटावं की दारव्ह्याचे लोक कामचुकार आहेत.

मग एक दिवस तू आलीस. तांड्यावरच्या आणखी दोघी बरोबर होत्या. लहान गाडीनं आलात, स्टेशनावरून चालत. अंगावर आरसे जडवलेली कांचळी चोळी, हातांत बलोया बांगड्यांचा ढीग, कचेरीच्या दारात उभ्या. शिपाई माझ्याकडे बघू लागला. साहेब बाहेर गेले होते हे माझं नशीब, असं तेव्हा वाटलं होतं. मी शिपायाला म्हणालो, "दारव्ह्याच्या जीनमधल्या कामकरी बाया आहेत." खोटं नव्हतं ते. तू ऐकलंस. थेट भिंतीपाशी गेलीस.

"यातली आमची कोन्ती?"

"लाल."

"खाली काहून चालली थे?"

"रेचे बंद राहतात म्हणून."

"चामडं नाई म्हनून बंद राह्यते. आमी काय खेळून राह्यलो का तिथं? फाटक्या रुळावर कापूस दाबून दाबून माह्ये बोटं पाह्य." तू बोटं पुढे केलीस. नखांच्या कडा फुटल्या होत्या. "चामड्याचं यात कुठं दिसते?"

"यात नाही दिसत."

"मंग त्यायले समजन कसं?"

बरोबरची एक म्हणाली, जीन बंद होणार अशी बोलवा आहे. तू तिला हातानं गप्प केलंस आणि हळू आवाजात, म्हणजे तुला जमेल तितक्या हळू, मला म्हणालीस, "खोटं लिहू नोको. आमच्यासाठी येक अक्षर खोटं लिहू नोको. जे हाये थेच सांगजो." मी हो म्हणालो आणि तुम्हाला मागच्या दारानं आवाराबाहेर नेलं. चहासुद्धा विचारला नाही.

बैठक त्यानंतर आठवड्याच्या आत झाली. मालकांपैकी दोघे बाहेरगावाहून आले होते. एक जीन बंद करून तिचे रेचे दुसरीकडे हलवायचे, एवढंच ठरवायचं होतं. मी गोषवारा घेऊन साहेबांच्या खुर्चीमागे उभा. थोरले मालक म्हातारे होते, त्यांनी चष्मा वर करून तक्ता पाहिला आणि विचारलं, "दारव्ह्याचे तास एवढे बंद का? मागं तर बरी चालायची ही." साहेब माझ्याकडे वळले. "काय कारण आहे?"

याडी, फाईल माझ्या काखेत होती. तीन पत्रं तिच्यात होती आणि पहिल्यावर साहेबांच्या सहीचं टिपण होतं. ती उघडायची म्हणजे मालकांसमोर साहेबांचीच सही काढून दाखवायची. आणि मग दोन पत्रं वर का आली नाहीत हे कुणीतरी विचारणारच. त्यानंतर शिपायाला आठवणार की त्या जीनमधल्या बाया याच्याकडे आल्या होत्या, त्यातली एक याची कोण, तेही निघणार, आणि मी आईसाठी बोललो असं ठरणार. प्रत्येक वाट माझ्यापाशीच येऊन थांबत होती. मी म्हणालो, "तक्त्यात कारण नाही, साहेब."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. जे समोर होतं त्यावरून त्यांनी ठरवलं. समोर जे होतं ते पाहता दुसरं काही ठरवणं शक्यही नव्हतं.

दारव्ह्याची जीन बंद झाली. रेचे खोलून उमरखेडला नेले. तुम्ही सगळ्या एका दिवसात घरी बसलात. कुणी मोलानं निंदायला जाऊ लागली, कुणी लाकूडफाट्याला. तुझा खोकला तेव्हा वाढला होता, म्हणून मी तुला यवतमाळच्या खोलीवर घेऊन आलो. दिवसभर तू दाराशी बसून असायचीस. शेजारणींना तुझा पेहराव नवा होता, तुला त्यांचं हळू बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा मी डबा घेऊन निघालो तेव्हा तू विचारलंस,

"थ्या मिटिंगीत तुले कोनी इचारलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"नाई इचारलं?"

"मला कोण विचारतं, याडी. मी कागद धरून उभा."

तू म्हणालीस, "मंग तू तरी काय करशीन बापा." आणि माझ्या सदऱ्याच्या खांद्यावरचा धागा काढून टाकलास.

त्यानंतर तांड्यावर काय झालं ते मला उशिरा कळलं. लोक म्हणत होते, पोरानं कचेरीत असून आईची जीन बुडवली. काही दिवस तांड्यावर परतलीस तेव्हा तू घरोघरी जाऊन सांगितलंस की माझ्या पोराला कुणी विचारलंच नाही, विचारलं असतं तर तो बोलला असता. तुझ्या शब्दाला तांड्यात वजन होतं. पुढच्या श्रावणात तीजेच्या सणाला मी आलो तेव्हा ज्या बाया माझ्याशी बोलत नव्हत्या त्या बोलल्या. एकीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दिवशी तुला खरं सांगायचं असं ठरवून आलो होतो, पण आता सांगितलं असतं तर खोटं बोलणारी तू ठरली असतीस. मी पाणी प्यालो.

त्या तीजेनंतरच्या हंगामाच्या शेवटाला उमरखेडचे रेचे बंद पडू लागले. चामडं तिथंही संपलं होतं आणि निळी रेघ खाली वळली. साहेबांनी मला बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "तक्त्यात कारण नाही हे मला दिसतं आहे. तुला माहीत आहे का, हे विचारतो." मी फाईल आणून उघडली. त्यांनी तिन्ही पत्रं वाचली, मग टिपणावरची आपली सही पाहिली. त्यांनी विचारलं, "दारव्ह्यालाही हेच होतं?" मी हो म्हणालो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "म्हणजे आपण दोघांनी मिळून बंद केली ती." मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि नव्या तक्त्याचा मसुदा माझ्याकडूनच लिहून घेतला. बंद तासांच्या शेजारी कारणाचा रकाना, आणि प्रत्येक पत्राला उत्तर गेलं की नाही याची नोंद. पुढं मला बढती मिळाली. तक्ता अचूक ठेवणारा माणूस म्हणून कचेरीत माझं नाव झालं. दारव्ह्याची जीन मात्र परत सुरू झाली नाही. रेचे उमरखेडच्या फरशीत बोल्टनं बसवून झाले होते, आणि माझीही खुर्ची तशीच. तिच्यावरून उठून कुठं जायचं ते मला निवृत्त होईपर्यंत सुचलं नाही.

तू त्याच वर्षी पावसाळ्याआधी गेलीस. शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज बसला होता, कुजबुजल्यासारखं बोलायचीस, आणि मला वाक्या-वाक्याला वाकून कान जवळ न्यावा लागायचा. तेव्हा एकदा सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तू विचारलंस, "कचेरीत आता तुले इचारतेत का?" मी म्हणालो, "हो, आता विचारतात." तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी मोडू शकलो नाही, आणि हे तुझ्यासाठी केलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

आता हे सगळं लिहून झालं आहे आणि ते कुठं पाठवायचं नाही हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. एक मात्र कबूल करतो. तुला अक्षर येत नव्हतं, आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचो. तुला वाचता येत असतं, तर हे पत्र मी लिहिलं नसतं.