चव सांगणारी

विचुंबे, पनवेल
फेब्रुवारी २०१८

प्रिय पद्मजा,

वेगळं व्हायला माझी संमती आहे का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी कळवतो म्हणालो. तू फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो. बोलून सांगणं जमणार नाही, म्हणून लिहितो आहे.

इथलं ठीक आहे. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर इमारत चढते आहे, गॅलरीतून प्रबळगड आता अर्धाच दिसतो. न्हावा शेव्याला बंदरात काम तेच. एकट्यापुरता भात लावायचा अंदाज अजून येत नाही, उरलेला सकाळी परततो. परवा विठूमामा येऊन गेला. तू बहिणीकडे, नीताकडे, नाशिकला गेली आहेस एवढंच त्याला माहीत आहे. जाताना खाली गाडीकडे बघून त्याने नेहमीचा टोमणा मारला, "एवरं पेट्रोल जालून दारू पियाला डोंगरान जाता? आमच्या हलदीला या, फुकट हाय." मी हसलो. हळदीत बायकांच्या हातात ग्लास कोण देतं, असं तू मागे एकदा विचारलं होतंस आणि मामाने विषय बदलला होता. मला तसं सुचत नाही.

आपण काय करतो ते त्याला कळणारच नव्हतं. गाडी मी चालवायचो, पुढे घाट उतरायचा असायचा, म्हणून मी पीत नसे. प्यायचीस तू, आणि मला सांगायचीस. भोरच्या पुढे त्या दोघा भावांनी जुन्या गोठ्यात बिअर बनवायला घेतली होती. त्यांच्या काळ्या बिअरला तू म्हणालीस, भाकरी करपल्याचा वास आहे, पण शेजारच्या घरातून आलेला. पाचगणीची स्ट्रॉबेरीची तुला खोडरबरासारखी लागली, आणि तू ते मालकासमोरच सांगितलंस. तो बिचारा पुढच्या टेबलाकडे गेला. मी सोडा पीत ऐकत असे. इतक्या बिअर मला तोंडपाठ आहेत आणि त्यांतली एकही मी चाखलेली नव्हती.

डॉक्टरांकडे जाणं आपण थांबवलं, त्याच दिवाळीत गाडी घेतली. पहिल्या फेरीत तू मधूनमधून मागच्या सीटकडे वळून बघत होतीस. मी काही विचारलं नाही. पुढे रस्ते होते, डोंगरातली लहान लहान गावं होती, चवी होत्या, बोलायला पुष्कळ होतं. तपासण्या, तो शेवटचा रिपोर्ट, यांतलं काही पुन्हा निघालं नाही.

मग डिसेंबरात आंबोलीची बिअर. दरीतून धुकं वर येत होतं. मालकाने स्वतः ग्लास आणून ठेवला आणि तिथेच उभा राहिला. तू घोट घेतलास. मी विचारलं, कशी आहे. तू म्हणालीस, चांगली आहे. मी थांबलो. पुढे काही आलं नाही. मालक खूश होऊन आत गेला. घाटात तू म्हणालीस, "हरेश, आपण चव सोडून दुसरं काहीच बोलत नाही." वळण अवघड होतं. मी गिअर बदलला. वळण संपल्यावरही मी बोललो नाही आणि तूही पुन्हा म्हणाली नाहीस. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तू नाशिकला गेलीस.

मागच्या शनिवारी मी तिथे परत जाऊन आलो. एस.टी.ने गेलो, म्हणजे पिता येईल. मालकाने ओळखलं, वहिनी नाही आल्या का विचारलं. माहेरी आहे म्हणालो. तुझी आई गेल्यापासून तुझं माहेर कुठे आहे, हे त्याने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ग्लास आला. बिअर गार होती, कडू होती. याहून जास्त मला कळलं नाही. दुसराही घेतला. आजूबाजूला जोडपी फोटो काढत होती. संध्याकाळी थंडी वाढली तसा उठून स्टँडवर जाऊन बसलो.

तर आता उत्तर. मी अडवणार नाही. रविवारी नाशिकला येईन, नीताला सांग भांडायला येत नाही. तू पाठवलेल्या वकिलाच्या कागदावर कारण मतभेद असं लिहिलं आहे. आपल्यात मतभेद व्हायला आपण कधी बोललो, पद्मजा? खरं कारण मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, सावकाश, लागेल तेवढा वेळ घेऊन. मध्ये मी काही म्हणणार नाही. नंतर तू म्हणशील तिथे सही करीन. आपल्याला जे मूल झालं नाही, त्याच्यासाठी तू मनात एखादं नाव ठेवलं होतंस का, एवढंही मला माहीत नाही. तिथून सुरू कर.

अजून तुझाच,
हरेश