परीक्षितचं केळवण

७ एप्रिल, सोमवार

परीक्षितचा मेसेज. ३ मेला रजिस्टर ऑफिसमध्ये लग्न — सुश्रुतशी! 'तुला आधी सांगावंसं वाटलं.' वा! चार वर्षं माझा नवरा होता, तेव्हा नाही वाटलं!

जाऊ दे. त्याच्यावरचा राग केव्हाच ओसरला, तोही घाबरलेलाच होता. राग आहे तो त्याच्या आईवर. मुलाने कॉलेजात असतानाच त्यांना सगळं सांगितलं होतं. तरी मला बोहल्यावर उभं केलं. आणि घटस्फोट झाल्यावर पुण्यातल्या भिशीत सांगत सुटल्या — सुनेतच दोष होता, मूल होईना. तिथे माझं नाव आजही तसंच घेतात.

सोडणार नाही त्यांना.

१० एप्रिल

परीक्षितच्या आई, बाई लग्नासाठी त्याच्याकडे मिल्टन कीन्सला आल्यात. भिशीत सांगितलंय, 'यूकेला फिरायला चाललेय.' सुश्रुत म्हणे मुलाचा रूममेट! इथला कायदा त्याला परीक्षितचा नवरा मानणार, आणि भिशीत हा भाडं वाटून घेणारा!

१३ एप्रिल

सुचलं! केळवण करायचं. दोघांचं, इथे नॉटिंगहॅमला, माझ्या घरी. बाईंसकट.

परीक्षित फोनवर गहिवरला. 'अक्षया, यू आर टू गुड, यार.' हो, फारच!

भिशी असते महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला. इथे तेव्हा दुपारचा एक. बरोब्बर पानं वाढायची वेळ.

२५ एप्रिल

श्रीखंड झालं. सूड उगवायला इतकं केशर कुणी घातलं नसेल.

२६ एप्रिल, शनिवार

जमलं! दोन ताटं, भोवती रांगोळी. दोघांना ओवाळलं. काकू — आता 'आई' म्हणत नाही मी त्यांना — नुसत्या बघत राहिल्या. मी भिशीतल्या श्यामलामावशींना व्हिडिओ कॉल लावला. 'मावशी, परीक्षितचं केळवण चाललंय. हा सुश्रुत. येत्या शनिवारी लग्न आहे दोघांचं!'

स्क्रीनवर आठ-दहा बायका, आ वासलेल्या. कुणीतरी 'अगं बाई!' म्हणालं. परीक्षित आधी दचकला, मग हसून हात हलवला. काकूंचा चेहरा पांढराफटक. काय गार वाटलं म्हणून सांगू!

मग मी पुऱ्या तळत असताना काकू स्वयंपाकघरात आल्या. वाटलं, रडतील. रडल्या नाहीत.

'भिशीत बोलले ते चुकलंच माझं,' म्हणाल्या. 'पण लपवून नव्हतं गं ठेवलं. साखरपुड्याआधी तुझ्या आईला सगळं सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या, लग्न झालं की होईल सुरळीत. अक्षयाला मी सांगते.'

खोटं. धडधडीत खोटं! स्वतःचं झाकायला माझ्या आईचं नाव घेतात!

पुऱ्या करपल्या. तशाच वाढल्या.

२७ एप्रिल

नागपूरला आईला फोन केला. सरळ विचारलं.

म्हणाली, 'जेवलीस का?'