बोअरवेलचे दोन धनी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लाँड्री, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो वाचून मुलगा हसला, हेही नोंदवून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सवडच मिळाली नाही.

१. मागचे राहते घर मुलाला. पुढची लाँड्री, धुलाईची दोन यंत्रे, इस्त्र्या आणि गिऱ्हाइकांची कटकट मुलीला. बँकेतली शिल्लक दोघांत सारखी. यावर त्यांचे भांडण नाही. भांडण आहे ते अंगणातल्या बोअरवेलवरून, आणि या कागदाचे खरे कारण तेच.

२. यंदा नळाला दिवसाआड पाणी येते आणि बोअर वीस मिनिटांत धापा टाकू लागते. मुलाचे म्हणणे, आधी घर, धुलाई बंद ठेव. मुलीचे म्हणणे, लाँड्रीतल्या दोन बायकांची चूल याच पाण्यावर पेटते, आणि तू मात्र गाडी धुतोस. दोघांचेही खरे, म्हणूनच प्रकरण चिघळले. पाच आठवडे ती एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप माझ्यामार्फत जातात. मी गेल्यावर निरोप न्यायलाही कोणी उरणार नाही, ही एकच काळजी मला आहे.

३. दोघे लहान असताना असाच दुष्काळ पडला होता. घरांना रोज अर्धा तास आणि धंद्यांना दर तिसऱ्या दिवशी पाणी, असा नियम निघाला. आमचा नळ एकच, आणि तो धंद्याच्या नावावर. समोरच्या बंगल्यातले साहेब 'घर' म्हणून हिरवळ भिजवत आणि आमची सहा माणसे कोरडी. पाणीवाटपासाठी भरलेल्या सभेत मी उठून विचारले, "आमची तहान घरात धरता की धंद्यात?" साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आमचा नळ घरात धरला गेला.

आता कबुली. त्यानंतर महिनाभर मी घरच्या पाण्यात हॉटेलच्या चादरी धुतल्या. तेवढे दिवस गल्लीच्या टोकाच्या घरात धार पोचली नाही. तिथली सून रिकामी बादली घेऊन माझ्याच दारात पाणी मागायला आली, तेव्हा मी लाजेने मेले. त्या दिवसापासून मी पाणी माणशी मोजते.

समोरच्या साहेबांना माझ्याकडचा रबरी पाइप द्यावा. तो त्यांचाच आहे. रागाच्या भरात मी पळवला होता.

४. बोअरवेल दोघांच्या सामाईक मालकीची. आधी पिण्याचे पाणी, त्यात कामाच्या बायकाही आल्या. मग आंघोळी. उरलेले निम्मे घराला, निम्मे धुलाईला. चादरी खळबळलेले पाणी संडासाला. गाडी ओल्या फडक्याने पुसावी, तिला तहान लागत नाही.

५. मंगळवारी प्लंबरला बोलावून मी मोटारीचे बटण मुलाच्या स्वयंपाकघरात आणि टाकीकडे जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह लाँड्रीत बसवून घेतला. व्हॉल्व्ह बंद असताना मोटार लावली तर ती जळते. म्हणजे दुसऱ्याला विचारल्याशिवाय कोणालाही थेंब मिळणार नाही. ही रचना माझ्या पश्चात कोणी बदलू नये.

६. हे कलम आज वाढवले. काल सकाळी टाकी रिकामी झाली. दहा मिनिटे तो बटणाशी आणि ती व्हॉल्व्हशी उभी. मी मध्ये बसून एकच चादर पुन्हा पुन्हा घडी करत होते. शेवटी मुलगा म्हणाला, "उघडलास का गं?"

"उघडला. लाव तू. आणि दादा, आधी घरचं भरून घे."

"नको, तुझ्या बायका आल्यात. आधी तुझं."

"अरे, आधी तुझं म्हणते ना."

त्याने बटण दाबले खरे, पण यावरून पुन्हा जुंपली, आणि बोअर धापा टाकण्याआधीच टाकी भरून अंगणात पाणी वाहू लागले. मगभर पाण्यासाठी मी आजवर साऱ्या गल्लीला धारेवर धरले आहे, पण त्या दोघांना थांबवायला माझी जीभ उचलेना. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि हसत हसत सही केली.

सही: लाँड्रीवाली

साक्षीदार: १. डॉक्टर २. प्लंबर (दोघांच्या सह्या माझ्यासमोर)

ठिकाण: लाँड्रीतले घडी घालायचे टेबल

दिनांक: गुरुवार. नळ कोरडा, टाकी काठोकाठ.