एकाच नावाच्या दोन फाइली

डोकमर्डी, मंगळवार, १४ सप्टेंबर १९९३, संध्याकाळ

कारखान्याच्या रंगखात्यातले कामगार कधी कामाला लागले, त्या सगळ्या तारखा गेल्या. माझ्या हातून गेल्या.

सकाळी त्या तारखांचं टेबल, म्हणजे कंप्यूटरवरचा तक्ता, फ्लॉपीवर उतरवलं, फाइलला नाव दिलं 'कामगार', आणि जागा हवी म्हणून मशीनवरचं मूळ टेबल रिकामं केलं. दुपारी पॅकिंगखात्याचं टेबल उतरवलं. त्याच फ्लॉपीवर, सवयीने त्याच नावाने. जुनी फाइल पुसू का, असं मशीन एरवी विचारतं. आज न विचारताच सकाळची फाइल पुसली, कारण सारखा आडवा येतो म्हणून तो प्रश्न मीच काल बंद केला. कसली एवढी घाई होती मला?

कागदी फॉर्मही नाहीत. "आता कंप्यूटर आहे, कागद कशाला?" म्हणत मीच फाडायला दिले. घरातली पहिली पदवीधर!

सुटताना गेटवर रंगखात्यातल्या सुमनताईंनी विचारलं, "ताई, मनी तारीख चढनी ना कंप्यूटरमा? मंग मी परमनंट होसू ना?"

"चढली," म्हणाले. खोटं बोलले. मशीनने एकदा विचारलं असतं तर...

साहेब ओरडतील याची भीती नाही. ते हसतील याची आहे. "अगं, मग सगळ्यांना आजचीच तारीख टाक," म्हणतील, आणि बायकांची नोकरीची सहा-सहा वर्षं जातील. त्याआधी, उद्या पहिल्या पाळीलाच, वहीत सगळ्यांच्या तारखा आणि अंगठे घ्यायला हवेत. सुमनताईंना आधी खरं सांगावं लागेल. त्या माझ्याकडे कशा बघतील, तेवढंच डोळ्यांसमोर येतंय.